कळफलक, यांत्रिक

संगणकाला अक्षरे, अंक व आज्ञा पुरविणाऱ्या कळफलकाचा एक प्रकार. यात प्रत्येक कळेखाली स्प्रिंग, सरकता दांडा व धातूच्या संपर्कपट्ट्या असलेला स्वतंत्र स्विच बसविलेला असतो. सर्वसाधारण स्वस्त कळफलकात अशी स्वतंत्र योजना नसते. त्यात सर्व कळांखाली रबरी घुमटांचे एकच पत्र अंथरलेले असते. कळ दाबली की घुमट चेपला जातो, त्याखालील प्लॅस्टिकच्या दोन पातळ पटलांवरील संवाहक रेषा एकमेकींना टेकतात आणि विद्युत् मंडल पुरे होते. ‘यांत्रिक’ हे विशेषण तसे काटेकोर नाही, कारण रबरी घुमटाची कळ हीही एक यंत्ररचनाच होय. तथापि मेकॅनिकल कीबोर्ड हे नाव व्यापारात रूढ झाल्याने तेच मराठीतही आले आहे.

दिवसा कार्यालयीन लेखन व फावल्या वेळी संगणकीय खेळ अशा दोन्ही कामांसाठी एकच यांत्रिक कळफलक वापरणाऱ्यांची संख्या सु. २०१० नंतर बरीच वाढली. या दोन कामांच्या गरजा मात्र एक नाहीत. लेखन करणाऱ्याला अक्षर उमटल्याची खूण बोटाला मिळावी लागते, म्हणजे पुढच्या अक्षराकडे वळता येते. खेळणाऱ्याला एकच कळ दाबून धरावयाची, क्षणार्धात सोडावयाची व पुन्हा दाबावयाची असते. तेथे वाटेत येणारी कोणतीही खूण हा अडथळाच ठरतो. कळेच्या सु. दीडशे वर्षांच्या इतिहासाचा बहुतेक भाग पहिल्या गरजेभोवती घडला आहे. दुसरी गरज फार उशिरा पुढे आली.

क्रिस्टोफर लॅथम शोल्स (१८१९–९०) व त्यांचे सहकारी यांच्या टंकलेखन यंत्राचे उत्पादन ई. रेमिंग्टन अँड सन्स या अमेरिकन कंपनीने हाती घेतले आणि १८७४ मध्ये ते बाजारात आले. या यंत्रात बोटाचा दाब तरफांमार्फत थेट अक्षराच्या दांड्यापर्यंत पोहोचे. कळ बरीच खोल जाई व तिला ठोकाच द्यावा लागे. पण दांडा कागदावर आपटल्याचा आवाज आणि हाताला बसणारा हलका हिसका यांमुळे अक्षर उमटले की नाही याविषयी शंका उरत नसे. २५ जुलै १८८८ रोजी सिनसिनाटी येथे झालेल्या स्पर्धेत फ्रँक मॅगरिन याने कळांकडे न पाहता, दहाही बोटांनी टंकलेखन करून प्रतिस्पर्ध्यावर मात केली व ही पद्धत पुढे सर्वत्र शिकविली जाऊ लागली. नजर कागदावर गेल्यावर कळेची सर्व भाषा बोटांनाच समजून घ्यावी लागली. टंकलेखिकांच्या पिढ्यान् पिढ्या या भाषेवर वाढल्या.

इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स (आयबीएम) या कंपनीच्या १९६१ मधील सिलेक्ट्रिक या विजेवर चालणाऱ्या यंत्रात ठोका देण्याचे काम मोटरने पतकरले. बोटाने केवळ सूचना द्यावयाची होती. यंत्र अक्षर उमटवी तेव्हा आवाज मात्र होतच असे. खरी अडचण उद्‌भवली ती संगणकाच्या दूरस्थ पडद्यांबरोबर. तेथे कागद नव्हता, दांडा नव्हता आणि अक्षर निःशब्दपणे काचेवर उमटत होते. टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्या कर्मचाऱ्यांना ही नीरवता गैरसोयीची वाटणार हे ओळखून १९७० च्या दशकात आयबीएमने आपल्या काही कळफलकांत एक विद्युत् चुंबकीय ठोकळा बसविला. प्रत्येक कळ नोंदली गेली की तो आतून आपटून आवाज करी. त्या आवाजाचे काम एवढेच होते की, यंत्र लिहीत असल्याची खात्री माणसाला पटावी.

याच कंपनीतील अभियंते रिचर्ड हंटर हॅरिस यांनी या प्रश्नाचे अधिक नेटके उत्तर शोधले. १९७८ मध्ये त्यांना ज्या रचनेचे पेटंट मिळाले तीत कळेखाली एक उभी सर्पिल स्प्रिंग असते. कळ दाबत गेल्यावर स्प्रिंग आकुंचन पावते व एका विशिष्ट क्षणी एकाएकी बाजूला वाकते. वाकताना तिच्या पायाशी असलेला छोटा दोलक कलतो, त्याच क्षणी संकेत जातो, बोटाखालचा विरोध अचानक घटतो आणि टक् असा आवाज येतो. बोटाला जाणवणारा क्षण आणि संगणकाला संकेत मिळण्याचा क्षण हे दोन्ही एकाच घटनेतून निर्माण होतात, हे या रचनेचे वैशिष्ट्य. ठोकळ्याचा आवाज ही वरून लावलेली जोड होती. येथे खूण कळेच्या क्रियेतूनच निघते. नंतरच्या कित्येक ‘स्पर्शसूचक’ स्विचांत खूण एका ठिकाणी व संपर्क दुसऱ्या ठिकाणी अशी तफावत राहिली, हे लक्षात घेता हॅरिस यांच्या रचनेचे मोल कळून येते.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या आयबीएम वैयक्तिक संगणकाबरोबर या स्प्रिंगचा ८३ कळांचा कळफलक (मॉडेल एफ) आला. त्यात विद्युत् धारितेतील बदलावरून कळ ओळखली जाई. १९८५ पासूनच्या मॉडेल एम कळफलकात स्प्रिंग तीच राहिली; खर्च कमी करण्यासाठी धारितेऐवजी दाबपटल आले. या फलकाच्या १०१ कळांची मांडणी पुढे जवळजवळ सर्वच उत्पादकांनी उचलली. पोलादी पत्र्यामुळे दोन किग्रॅ.हून अधिक भरणारा हा फलक टेबलावर हलत नसे. आयबीएमचा हा व्यवसाय १९९१ मध्ये लेक्समार्क या कंपनीकडे गेला. लेक्समार्कने तो बंद केल्यावर १९९६ मध्ये युनिकॉम्प ही कंपनी अमेरिकेतील केंटकी राज्यात तीच यंत्रसामग्री घेऊन उभी राहिली.

यूरोपात घडामोडी निराळ्या कारणाने झाल्या. सु. १९८० च्या सुमारास जर्मनीत कार्यालयीन आरोग्याच्या दृष्टीने कळफलकाच्या मधल्या रांगेची उंची टेबलापासून ३० मिमी.पेक्षा अधिक नसावी असा दंडक आला. मनगट वर वाकवून तासन् तास काम केल्याने होणारी इजा टाळणे हा त्यामागील हेतू होता. तत्पूर्वीचे उंच स्विच त्यामुळे निरुपयोगी ठरले. मूळ अमेरिकन असलेल्या चेरी कंपनीने या काळात एमएक्स ही बुटकी मालिका तयार केली. तिच्या पेटंटासाठी १९८३ मध्ये अर्ज करण्यात आला. आजच्या बहुसंख्य यांत्रिक कळफलकांचा मूळ साचा हाच. कळेची एकूण खोली ४ मिमी., संकेत जातो तो सु. २ मिमी.वर आणि वर अधिक चिन्हाच्या आकाराचा दांडा, ज्यावर कळेचा टोप बसतो. दांड्याच्या रंगावरून स्विचाचा स्वभाव ओळखण्याची पद्धतही याच मालिकेने रूढ केली. काळा व तांबडा स्विच सरळ उतरतो, तपकिरी वाटेत किंचित अडतो, निळा अडतो व आवाजही करतो. काळ्याला सु. ६० आणि तांबड्याला सु. ४५ सेंटिन्यूटन बल लागते. जपानमध्ये आल्प्स कंपनीचे स्विच याच सुमारास पुढे आले. अॅपलच्या १९८७ मधील मोठ्या कळफलकात तेच होते.

या सर्व रचना महाग होत्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून संगणकांच्या किंमती झपाट्याने उतरू लागल्या, तेव्हा उत्पादकांनी ज्या भागांवर खर्च वाचविला त्यांत कळफलक अग्रभागी होता. रबरी घुमटाचा फलक एका साच्यातून काढता येतो, त्याला शंभर वेगळे स्विच जोडावे लागत नाहीत आणि तो पुरेसा चालतो. ‘पुरेसा’ या शब्दात बरेच काही सामावले आहे. घुमट जुना झाला की त्याची स्प्रिंगसारखी उसळी मंदावते. शिवाय बहुतेक घुमटांत संकेत अगदी तळाशी जातो. परिणामी बोट प्रत्येक वेळी तळावर आपटते. कळ चालू होण्यास लागतो त्याहून कितीतरी अधिक जोर माणसे प्रत्यक्षात लावतात, असे हस्तश्रमाच्या अभ्यासांत दिसून आले आहे. टंकलेखन यंत्र हे कार्यालयाचे भांडवली साधन होते, त्याला तेलपाणी होत असे व दुरुस्तीवाला ठरलेला असे. संगणकाचा कळफलक ही टाकाऊ वस्तू बनली. हातांची झीज मात्र ज्याच्या त्याच्या वाट्याला आली. २०१५ नंतरच्या काही वर्षांत लॅपटॉप अधिकाधिक पातळ करण्याच्या भरात अॅपलने मिमी.भराहूनही कमी खोलीची कळ आणली व तक्रारींनंतर २०१९ पासून ती मागे घेतली, हे या प्रवृत्तीचे अगदी टोकाचे उदाहरण म्हणता येईल.

खेळांचा प्रवेश : प्रारंभीच्या संगणकीय खेळांत दिशादर्शक बाणांच्या कळा पुरत असत. त्रिमितीय नेमबाजीच्या खेळांत नजर माउसने वळवावयाची व पाय कळांनी चालवावयाचे अशी विभागणी झाली, तेव्हा उजवा हात माउसवर गेला आणि डावा हात अक्षरकळांवर आला. डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांची पद्धत लोकप्रिय करण्याचे श्रेय बहुधा डेनिस फाँग या खेळाडूला दिले जाते. १९९७ मधील क्वेक या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा जिंकून त्याने त्या खेळाचा एक निर्माता जॉन कार्मॅक याची फेरारी मोटरगाडी बक्षीस म्हणून मिळविली होती.

या वापरामुळे कळफलकाचा एक जुना दोष उघडकीस आला. शंभर कळांना शंभर तारा जोडणे परवडत नाही, म्हणून कळा आडव्या व उभ्या तारांच्या जाळीवर बसविलेल्या असतात आणि फलकातील सूक्ष्म प्रक्रियक एकेक तार तपासून कोणती कळ मिटली ते ठरवितो. जाळीतील एखाद्या आयताच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकाच वेळी दाबल्या, तर विजेला आडवाट सापडते व चौथी न दाबलेली कळही दाबल्यासारखी दिसते. ही भुताटकी टाळण्यासाठी स्वस्त फलक तिसरी कळ सरळ नाकारतात. लेखनात याने फारसे बिघडत नाही. वेगवान टंकलेखकही क्वचितच दोन-तीनहून अधिक कळा एकदम दाबतो. धावणे, वळणे, वाकणे व उडी एकाच क्षणी करू पाहणाऱ्या खेळाडूची उडी मात्र राहून जाते. प्रत्येक कळेशी एकदिशा प्रवाह जाऊ देणारा द्विप्रस्थ जोडला की आडवाट बंद होते. यूएसबी जोडणीच्या मूलभूत पद्धतीत तरीही सहा साध्या व आठ साहाय्यक कळांपलीकडे संकेत जात नाहीत. त्यासाठी फलकात वेगळी सोय करावी लागते.

सु. २००६ पासून लेखनप्रेमींसाठी व पाठोपाठ खेळाडूंसाठी चेरी स्विचांचे फलक पुन्हा विकले जाऊ लागले. खेळसाहित्य बनविणाऱ्या रेझर कंपनीने २०१० मध्ये आणलेल्या ब्लॅकविडो फलकात निळे स्विच होते. ही निवड आज पाहता थोडी विचित्र वाटते. निळ्या स्विचात कळ सुटल्याची नोंद होते ती जागा दाबल्याची नोंद होते त्या जागेहून बरीच वर असते. बोट पुरेसे उचलल्याखेरीज तीच कळ दुसऱ्यांदा लागत नाही. लेखनात एकाच अक्षरावर लागोपाठ दोनदा बोट पडण्याचे प्रसंग थोडे, त्यामुळे हा दोष तेथे झाकला जातो. खेळाडू हळूहळू तांबड्या, सरळ स्विचांकडे वळले यात नवल नाही. पेटंटाची मुदत संपल्यावर काइह्वा, गेटरॉन इ. चिनी उत्पादकांनी त्याच मापाचे स्विच बनवावयास प्रारंभ केला आणि किंमती उतरल्या. कार्यालयाने एके काळी जो खर्च वाचविला होता तो आता वापरणारा स्वतःच्या खिशातून करू लागला.

स्पर्शरहित स्विच : धातूच्या पट्ट्या एकमेकींवर आदळल्या की काही सहस्रांश सेकंद थरथरतात व एकाच दाबाचे अनेक संकेत जाऊ शकतात, म्हणून फलकाला थोडे थांबून खात्री करून घ्यावी लागते. चुंबकीय क्षेत्रामुळे संवाहकात आडवा विद्युत् दाब निर्माण होतो, हा एडविन हॉल (१८५५–१९३८) यांनी १८७९ मध्ये शोधलेला परिणाम वापरला तर स्पर्शाचीच गरज राहत नाही. कळेच्या दांड्यात चुंबक व तळाशी अर्धसंवाहक संवेदक अशी रचना हनीवेल कंपनीच्या मायक्रो स्विच विभागाने १९६८ मध्येच केली होती. महाग असल्याने ती विशेष यंत्रांपुरती राहिली. नेदर्लंड्समधील वूटिंग कंपनीने २०२१ च्या सुमारास तिला खेळांच्या फलकांत आणले. यात कळ किती खोल गेली आहे हे सतत मोजले जात असल्याने संकेताची खोली वापरणाऱ्याला ठरविता येते; तसेच बोट मिमी.च्या दशांशाने वर येताच कळ सुटली असे मानता येते. लेखन करताना खोली २ मिमी. व खेळताना त्याहून कमी अशा दोन नोंदी एकाच फलकात साठविता येतात, ही सोय दोन्ही कामे करणाऱ्याला खरोखर उपयोगी आहे. बहुतेक चुंबकीय स्विच मात्र सरळ उतरणारे असतात. लेखकाच्या बोटाला हवी असलेली खूण त्यांत नसते.

या सामर्थ्यातून एक वादही उद्‌भवला. परस्परविरुद्ध दिशांच्या दोन कळा एकदम दाबल्या असता नंतरच्या कळेला आपोआप अग्रक्रम देणारी योजना काही फलकांत २०२४ मध्ये आली. डाव्या बोटांचा नेमका ताल हे ज्या खेळात कौशल्य मानले जाते त्या काउंटर-स्ट्राइक २ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये अशा साहाय्यास मनाई केली. कळ ही केवळ वाहक असावी की तिने खेळाडूच्या वतीने निर्णय घ्यावा, असा प्रश्न टंकलेखन यंत्राच्या काळात कोणाला पडण्याचे कारण नव्हते.

निवड : दोन्ही कामांसाठी एकच फलक घ्यावयाचा असल्यास लेखनाला झुकते माप देणे इष्ट ठरते, कारण हातावर ताण पडतो तो मुख्यतः दिवसभराच्या कामाने. सर्वसाधारणपणे ४५ ते ५५ सेंटिन्यूटन बलाचा, सौम्य अडथळ्याचा वा सरळ उतरणारा स्विच दोन्हीकडे निभतो. फार हलक्या कळेवर विसावलेले बोटही अक्षर उमटवून जाते, तर जड कळेने संध्याकाळपर्यंत करंगळी दुखू लागते. निळा स्विच एकट्याने बसून लिहिणाऱ्यास आनंददायक असला, तरी सामाईक दालनात तो शेजाऱ्यावर अन्याय करतो. अंकांचा स्वतंत्र भाग हिशेबनिसास अपरिहार्य. खेळाडूला मात्र तो नकोसा, कारण त्यामुळे माउस उजवीकडे दूर जातो व खांदा ताणला जातो. जाहिरातींत संकेताच्या वेगावर दिला जाणारा भर बराचसा अनाठायी आहे. जुन्या पद्धतीत फलकाची विचारणा सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ सहस्रांश सेकंदांनी होई. ती १,००० वेळा होऊ लागल्यावर उरलेला विलंब मानवी प्रतिक्रियेच्या सु. २०० सहस्रांश सेकंदांपुढे नगण्य ठरतो. त्यापेक्षा स्विच न डाखता उपटून बदलता येतात की नाही हे पाहणे अधिक शहाणपणाचे. तशी सोय असल्यास निवड चुकली तरी संपूर्ण फलक टाकावा लागत नाही.

देवनागरी लेखन : भारतात गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये पहिले स्वदेशी टंकलेखन यंत्र बनविले, तिच्या सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथील कारखान्यात कार्यालयीन यंत्रांचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. देवनागरी यंत्रांवरील रेमिंग्टन मांडणीची सवय पुष्कळांनी संगणकावरही कायम ठेवली. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट ही मांडणी प्रमाण ठरविली व १९९१ च्या भारतीय मानकात ती समाविष्ट झाली. तीत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. खेळाडूचा डावा हात ज्या डब्ल्यू, ए, एस, डी कळांवर असतो त्याच कळांवर इन्स्क्रिप्टमध्ये अनुक्रमे ै, ो, े या मात्रा व हलन्त चिन्ह येते. मराठी लिहिणाऱ्या व खेळणाऱ्या माणसाच्या फलकात हे चार स्विच सर्वांत आधी झिजण्याचा संभव असतो. शिवाय ख, थ, भ यांसारखी महाप्राण व्यंजने, तसेच ण, ळ, श ही अक्षरे शिफ्ट कळेसह उमटत असल्याने मराठीत करंगळ्यांना इंग्रजीपेक्षा अधिक राबावे लागते. शिफ्ट कळांखाली इतरांहून हलके स्विच बसविण्याची मुभा असलेला फलक अशा लेखनास सोईचा पडतो. छापील देवनागरी टोप असलेले यांत्रिक फलक विरळाच मिळतात. बहुतेकजण बाजारात मिळणाऱ्या चिकटपट्ट्या कळांवर लावतात. रोजच्या वापराने त्या कडांपासून सुटू लागतात आणि तोवर बोटांना मांडणी पाठ झालेली असते.